विझण्याची नोकरी

अहो, इकडे. फ्रिजचा मधला कप्पा, कुणाच्या तरी उरलेल्या सँडविचच्या डब्यामागे. ‘येथे खाद्यपदार्थ ठेवू नयेत’ अशी ठळक पाटी दारावर लावलेली असल्यामुळे सगळेजण आपापले डबे इथेच आणून ठेवतात. त्या डब्यामागे काचेची छोटी बाटली दिसतेय ना, गार झालेल्या चहासारखं पिवळट पाणी भरलेली? त्या पाण्यातून बोलतोय मी. कार्बनचा ठिपका.

मला बघायला चष्मा पुसू नका, उपयोग नाही. माझ्या तुलनेत तुमच्या डोक्यावरचा केस म्हणजे सहा पदरी रस्ता. बाटलीत आम्ही किती आहोत ते मोजायलाही बसू नका. सगळे एकाच सालीचे, एकाच स्वभावाचे. एक थेंब बाहेर काढला तर तोही मीच आणि मागे उरतो तोही मीच. त्यामुळे सगळ्यांच्या वतीने मीच बोलतो, आणि मला बोलायला आवडतं.

माझं कूळ सांगायची मला लाज नाही. मी संत्र्याची साल होतो. ज्या मुलीने ते संत्रं खाल्लं तिला घरी चिमी म्हणतात. ती इथे पीएचडी करते, म्हणजे सकाळी सगळ्यांच्या आधी येते आणि संध्याकाळी तोंड पाडून जाते. महागडी रसायनं आणून तिने बरेच प्रयोग केले होते आणि एकही धड झाला नव्हता. एके दिवशी तिचे सर बैठकीत म्हणाले, “काहीतरी पर्यावरणपूरक करा. हल्ली तेच चालतं.” एवढं बोलून सर चहाला गेले. चिमीने टेबलावरच्या सालीकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. मी कचऱ्याच्या टोपलीच्या अगदी काठावर होतो. आणखी चार बोटं सरकलो असतो तर आज ही कहाणी गांडुळांना सांगत बसलो असतो.

मग मला वाळवलं, चिरलं, पाण्यात घातलं, पोलादाच्या जाड डब्यात कोंबलं, वर झाकण आवळलं आणि भट्टीत टाकलं. घरी कुकर गॅसवर ठेवून माणूस विसरला की आत बटाट्यांचं जे होतं तेच माझं झालं. फरक इतकाच की इथे मुद्दाम विसरतात आणि त्याला पद्धत म्हणतात.

झाकण उघडलं तेव्हा आत काळंकुट्ट पाणी होतं आणि खोलीभर करपल्याचा वास. शेजारच्या टेबलावर काम करणारा एक प्राणी आहे. त्याला कशावरही शंका येते म्हणून त्याचं नाव शंकासुर पडलंय. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, “करपलं. फेकून दे.”

चिमीने फेकलं नाही. बारीक कागदातून मला गाळलं. चोथा वर राहिला, मी पिवळसर होऊन खाली उतरलो. मग तिने खोलीतले दिवे घालवले आणि माझ्यावर जांभळा दिवा धरला. तो दिवा लागला तरी डोळ्यांना फारसं काही दिसत नाही, पण माझ्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक, मी निळाशार उजळलो. आयुष्यभर टोपलीत जायच्या लायकीची म्हणून वाढलेल्या सालीला हे सुख काय वाटलं असेल, त्याची कल्पना तुम्हाला यायची नाही.

चिमीने ताबडतोब फोन लावला. स्पीकरवर, कारण हातात मी होतो.

“मावशी, सालीतून उजेड आला.”

“कसल्या सालीतून?”

“संत्र्याच्या.”

“आणि संत्रं कुणी खाल्लं?”

“मी.”

“मग ठीक आहे. जेवलीस का?”

ही मावशी. चिमी लहान असताना तिची आई गेली आणि मावशीने तिला आपल्या पोटच्या लेकाबरोबर वाढवलं. फळांचा जॅम आणि गर करून विकायचा मावशीचा धंदा, घराच्या मागच्या खोलीत. चिमीची सगळी शिक्षणं त्या खोलीतल्या पातेल्यांनी केली. म्हणून सालीतून उजेड आला तरी पहिला फोन तिकडे गेला, सरांना नंतर.

सर आले तेव्हा मात्र एकदम बदलले. बाटली स्वतःच्या हातात घेऊन त्यांनी फोटो काढून घेतला. चिमी त्या फोटोत आहे. सरांच्या कोपरामागे तिचा अर्धा कान दिसतो. मग माझ्यावर लेख लिहिला गेला. त्याचं नाव इतकं लांब होतं की शेवटाला येईपर्यंत मी स्वतःच विसरलो की विषय मी आहे. त्यात मी ‘हरित’ होतो, ‘शाश्वत’ होतो, आणखीही बरंच काही होतो. संत्रं हा शब्द एकदाच, तोही बारीक अक्षरात.

पण नुसतं चमकून पोट भरत नाही. मला काम हवं होतं, आणि चिमीने ते शोधलं.

सफरचंद नासायला लागलं की त्यावर एक बुरशी धरते. ती बुरशी एक विष सोडते. त्याला रंग नाही, चव नाही, आणि ते शिजवूनही धडपणे जात नाही. एका चमच्याने कुणी आडवं पडत नाही हे खरं, पण रोज रोज लहान मुलांच्या पोटात ते जाणं वाईटच. चिमीने मला एक अंगरखा चढवला. त्याला खिसे होते, आणि प्रत्येक खिसा बरोबर त्या विषाच्या मापाचा. दुसरं कुणी त्यात बसत नाही. विष येऊन खिशात बसलं की माझा उजेड जातो. नमुना चांगला असेल तर मी चमकत राहायचं, विषारी असेल तर विझायचं.

म्हणजे बघा, मला नोकरी मिळाली ती विझण्याची. इतर सगळ्यांना शाबासकी चमकल्याबद्दल मिळते. मला ज्या दिवशी खरं काम असेल त्या दिवशी माझ्या तोंडावर अंधार. पण नोकरी ती नोकरी. सरावाच्या वेळी चिमी विष घातलेलं पाणी द्यायची, मी विझायचो; साधं पाणी द्यायची, मी उजळायचो. एकदाही चुकलो नाही. शंकासुरसुद्धा “बरं आहे” म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे हारतुरेच.

त्याच सुमारास मावशीला मोठं काम मिळालं. जवळच्या पाळणाघरातल्या मुलांना रोज सकाळी सफरचंदाचा गर पुरवायचा. त्याच पाळणाघरात मावशीचा नातू जातो. त्याचं नाव काय ते मला माहीत नाही, मावशी त्याला ढब्बू म्हणते. पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, “तपासून घ्या, म्हणजे आम्हीही निर्धास्त.” मावशी म्हणाली, “तपासायला माझ्या घरातच डॉक्टर आहे.” चिमी डॉक्टर व्हायला अजून अवकाश आहे, पण मावशीपुढे ते कोण बोलणार.

आता मावशीची एक रीत सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. मावशीच्या घरात अन्न टाकायचं पाप कुणी करत नाही. सफरचंद नासकं निघालं की नासकं तेवढं सुरीने कोरून काढायचं आणि उरलेलं पातेल्यात टाकायचं. चिमी लहानपणापासून असंच सफरचंद खात आलेली. आणि दुसरी रीत म्हणजे स्वच्छता. मावशीची फडकी इतकी पांढरी की त्यांच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागतात. भिजवणार, पावडर टाकून घासणार, पुन्हा पावडर टाकणार.

तर तपासणीसाठी मावशीचा नमुना आला. बाटलीच्या तोंडाला पांढरंशुभ्र फडकं बांधलेलं. सोबत चिमीला खायला म्हणून गराची एक बंद बरणी, आणि शंकासुराला संत्र्याच्या जॅमची, कारण तो बारीक झालाय असं मावशीचं मत. फोनवर मावशी म्हणाली, “गर तसाच नाही दिला हो. चांगला पाणी घालून ह्याच फडक्यातून दोनदा गाळून दिलाय. तुझ्या प्रयोगशाळेत माझं नाक कापलं जायला नको.”

चिमीने तो गाळलेला रस घेतला आणि त्यात माझे थेंब सोडले.

काय सांगू. आत गेलो आणि विष अंगावरच आलं. एक खिसा भरला, दुसरा भरला, बघता बघता सगळे भरले. मी विझलो. अगदी नियमाप्रमाणे, हात जोडून, विझलो. आणि तरी बाटली चमकत होती.

निळी. लख्ख. माझ्यापेक्षाही लख्ख. मला कळेचना की हे कोण चमकतंय. मी ओरडत होतो, “तो मी नव्हे, मी कधीच विझलोय.” पण आमचं बोलणं म्हणजे उजेड, आणि उजेडच गेला तर बोलणार कशाने? चिमीने मोजायच्या यंत्रातही बाटली घालून पाहिली. यंत्रानेही छान आकडा दिला. यंत्राला उजेड मोजता येतो, तो कुणाचा आहे ते विचारता येत नाही.

शंकासुर डोकावून म्हणाला, “हे इतर नमुन्यांपेक्षा जरा जास्तच चमकतंय.”

“मावशीचं आहे,” चिमी म्हणाली. “स्वच्छ असणारच.”

ज्या माणसाला सूर्य पूर्वेला उगवतो यावरही शंका येते, तो माणूस त्या दिवशी गप्प बसला. तोंडात चमचा होता. जॅम चांगला झाला होता म्हणे.

चिमीने फोन केला, “मावशी, पास.” पलीकडे मावशी इतकी खूश झाली की जेवलीस का हे विचारायची विसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी पाहुणे बोलावले होते. कुठल्याशा कंपनीची माणसं, माझ्यावर पैसे लावायला आलेली. सर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. भाषण केलं, त्यात ‘मी’ हा शब्द खूपदा आला आणि तो मी नव्हतो. मग सरांनी बाटली उंच धरली आणि म्हणाले, “आता दिवे घालवा आणि चमत्कार बघा.”

दिवे गेले. जांभळा दिवा लागला. आणि आमचे सर पेटले.

अख्खा शर्ट निळापांढरा झगमगायला लागला. कॉलर, बाह्या, खिसा, सगळं. वर अंधारात सरांचं डोकं नाहीसं झालेलं, नुसता शर्ट हातवारे करत उभा. मी त्यांच्या मुठीत होतो, जीव तोडून चमकत होतो, पण माझ्याकडे बघतंय कोण? पाहुण्यांत खसखस पिकली. एकजण म्हणाला, “सर, पावडर कोणती वापरता?” सर म्हणाले, “ते आमच्या घरी बघतात.” मग सगळेच खोखो हसले.

चिमीही हसली. आणि हसता हसता थांबली.

कपडे धुवायच्या पावडरीत एक औषध घातलेलं असतं. ते कापडाला चिकटून राहतं आणि अशा उजेडात निळं चमकतं, म्हणून पांढरं कापड अधिक पांढरं दिसतं. हे चिमीला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. ह्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं. दुसऱ्या कुणी धुतलेल्या फडक्यातून गाळून नमुना आणला असता तर तिने तो दारातूनच परत पाठवला असता. पण फडकं मावशीचं होतं. ज्या हाताने तिचं नाक पुसलं त्या हाताने धुतलेलं. त्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही.

पाहुणे चहाला गेले. चिमीने खणातून ते फडकं काढलं आणि दिव्याखाली धरलं. पौर्णिमाच उगवली. मग तिने ते साध्या पाण्यात पिळलं आणि ते पाणी दिव्याखाली ठेवलं. पाणी निळं चमकलं. त्यात मी नव्हतो. माझा एक थेंबही नव्हता. इतका अपमान माझा टोपलीच्या काठावरही झाला नव्हता.

शंकासुर तिच्यामागे येऊन उभा राहिला होता. त्याने विचारलं, “तुला खायला दिलेली बरणी उघडलीस का?”

“नाही.”

“आण.”

बरणी ह्याच फ्रिजमध्ये होती, ह्याच पाटीमागे. त्यांनी गर तसाच घेतला, शुद्ध पाण्यात कालवला, इथल्या कागदातून गाळला आणि माझे थेंब सोडले. ह्या वेळी माझ्याआड कुणी नव्हतं. खिसे भरले, मी विझलो, आणि बाटली काळी झाली.

“परत कर,” शंकासुर म्हणाला. परत केलं. परत विझलो.

चिमीने फोन हातात घेतला आणि नुसतीच बसून राहिली. मी सांगतो तिचं काय चाललं होतं. जिने पातेली ढवळून तिला शिकवलं, त्या बाईला सांगायचं की तुझ्या हातच्या गरात विष आहे. आणि आपणच त्याला पास म्हटलं. न सांगावं तर सकाळी ढब्बू आणि त्याच्यासारखी सगळी पोरं तोंडं उघडून बसणार. मला तिची फार दया आली, आणि मला सहसा कुणाची दया येत नाही.

तिने फोन लावला.

“मावशी, बरण्या कुठायत?”

“पाळणाघरात. कालच पोचवल्या. उद्या सकाळी उघडणार.”

“उघडू देऊ नकोस.”

“का गं?”

“त्यात विष आहे. बुरशीचं.”

पलीकडे पातेल्यात पळी फिरायचा आवाज येत होता. तो थांबला.

“काल पास म्हणालीस.”

“चुकले मी. फडक्याने चमकलं ते.”

“माझं फडकं घाण होतं?”

“नाही मावशी,” चिमी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. “फार स्वच्छ होतं.”

मावशीने फोन ठेवून दिला.

सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं तर मावशी बाहेर उभी. आदल्या संध्याकाळीच तिने पाळणाघरातून सगळ्या बरण्या परत आणल्या होत्या, एकही उघडली गेली नव्हती. पिशवीतून त्यातली एक काढून तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “माझ्यासमोर कर.”

चिमीने दोन बाटल्या मांडल्या. एकीत बाजारातून आणलेल्या धडधाकट सफरचंदाचा रस, दुसरीत मावशीचा. दोन्हींत माझे थेंब. दिवे घालवले. एक बाटली निळी झाली. दुसरी तिच्या शेजारी नुसती काळी.

मावशीने वाकून दोन्ही बाटल्या नीट पाहिल्या.

“मी नासकं सगळं कोरून काढलं होतं,” ती म्हणाली.

“ते आत पसरतं मावशी. चांगल्या दिसणाऱ्या भागातही जातं.”

“उकळलंही होतं.”

“उकळून जात नाही.”

“इतकी वर्षं तुला हेच खायला घातलं मी.”

“मग? झाले की एवढी मोठी.”

मावशीने पदराने डोळे पुसले. मग त्या काळ्या बाटलीला बोटाने टिचकी मारून म्हणाली, “मेल्या, आधी का नाही बोललास?”

बोललो होतो हो मावशी. पहिल्याच दिवशी, सगळं बळ एकवटून बोललो होतो. तुमच्या फडक्याच्या उजेडात कुणाला ऐकू गेलं नाही, त्याला मी काय करू?

बरण्या मावशीने स्वतः खड्डा खणून पुरल्या. पाळणाघराच्या बाईंना जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. आता काम हातचं जाणार असं ती धरूनच चालली होती. बाईंनी ते काढून घेतलं नाही, पण पुढची प्रत्येक खेप तपासूनच घेईन म्हणाल्या. तेव्हापासून मावशीकडे सफरचंदावर टिकलीएवढा डाग दिसला की सगळं सफरचंद बाहेर. ते टाकताना तिचा जीव अजून खालीवर होतो. ती बडबडते, पण टाकते. आणि नमुना बंद बरणीत येतो, फडक्याशिवाय.

सरांच्या नव्या लेखात माझा फोटो आहे. चमकतानाचा, अर्थात. विझलेल्याचा फोटो कोण छापतं? मावशीने मात्र चिमीकडून तोच मागून घेतला आणि स्वयंपाकघरात चुलीच्या वर चिकटवला. येणारेजाणारे विचारतात, हा काळा चौकोन कशाचा? मावशी म्हणते, “आमच्या चिमीच्या सालीचा.”

माझं म्हणाल तर माझं आता वय झालं. जुन्या बाटलीतला आहे मी, उजेड फिका पडलाय, दिव्याखाली धरलं तर कसाबसा उजळतो. कामाला नव्या सालींची पोरं लागलीत, उद्धट आहेत, पण विझतात वेळेवर. मला कुणी फेकत नाही आणि कुणी विचारतही नाही. तुम्ही थांबलात म्हणून एक मागतो. चमकणाऱ्याला टाळ्या द्या, माझी हरकत नाही, सरांच्या शर्टालाही द्या. पण एखादा तुमच्या डोळ्यांदेखत गपकन विझला, तर त्याला लगेच टोपलीत टाकू नका. आधी विचारा, त्याने काय पाहिलं ते.

आणि जाताना दार लावा, गारवा निघून चाललाय. तो फोन वाजतोय ना, तो मावशीचा. ह्या वेळेला रोज येतो. चिमी स्पीकर लावेल, ऐकून जा हवं तर.

“संत्रं खाल्लंस का गं?”

“खाल्लं.”

“साली टाकल्या नाहीस ना?”